पुसला गेलेला ठिपका

मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. लेसरवर तुम्ही काय बोलणार, असं घरच्यांनीही विचारलं. पण छत्रपती संभाजीनगरहून जालना, जिंतूर करीत औंढा नागनाथला पोचलं, की हा विषय आपल्या दाराशी येतो. नामदेवांच्या कीर्तनासाठी जिथलं देऊळ फिरलं असं आपण सांगतो, ते हे औंढा. त्याच तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा व्हायची आहे. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले.

अशा वेधशाळेत एक हिरवा लेसर लागतो. त्याची कहाणी १९६१ पासूनची. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा लाल झोत क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून सोडला. पलीकडे निम्म्या तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही निघाला. छायाचित्राच्या काचेवर त्याचा बारीकसा ठिपका उमटला. आणि शोधनिबंध छापताना तो ठिपका डाग समजून पुसला गेला! ठिपका दाखवणारा बाण तेवढा छापून आला. माझ्या कवितांतले अनुस्वार छापखान्यात असेच उडालेले आहेत. फ्रँकनसाहेबांचं दुःख मी समजू शकतो.

१९६४ साली बेल प्रयोगशाळेत निओडिमियम मिसळलेल्या ‘याग’ स्फटिकाचा लेसर तयार झाला. त्याचा प्रकाश अवरक्त, म्हणजे अदृश्य. तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. फ्रँकनच्या युक्तीने ती निम्मी केली, की ५३२. लख्ख हिरवा!

लायगोत चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात असतात आणि चाळीस किलोचे आरसे काचेच्या तंतूंवर टांगलेले असतात. टांगलेली वस्तू स्वस्थ कुठली बसते? मोजणी करणारा मुख्य झोत अवरक्त. तो आरशांमध्ये नीट घुमायला अंतर अगदी अचूक जुळावं लागतं, आणि ती जागा इतकी अरुंद, की हलते आरसे ती क्षणात ओलांडून जातात. म्हणून आधी भुजांच्या टोकांकडून हिरवा झोत सोडतात. हे आरसे हिरव्या प्रकाशाला कमी परतवतात, त्यामुळे त्याची जागा ऐसपैस, चटकन सापडणारी. त्याच्या आधाराने भुजेची लांबी स्थिर करतात, मग अवरक्त झोत ताबा घेतो आणि हिरवा बाजूला होतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतकंच हललं होतं. बातम्यांत कृष्णविवरं आली, आइनस्टाइन आले. हिरव्या झोताचं नाव मी तरी कुठे वाचलं नाही.

औंढ्याला आज शाळांच्या सहली देवळासाठी येतात. पुढे मुलं वेधशाळेबद्दलही विचारतील. तेव्हा गुरुजींनी तो पुसलेला ठिपका फळ्यावर एकदा काढून दाखवावा.