बारा सेकंद आणि एक पंचमांश

जुन्नर-आंबेगावकडच्या बैलगाडा शर्यतीत घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. सातारा-सांगलीकडे गाड्या शेजारी शेजारी पळतात आणि आधी कोण पोचलं ते सगळ्या माळाला दिसतं. आमच्याकडे तसं नाही. चार बैल, पुढे घोडी, चढाची धावपट्टी, आणि बारी संपते दहा-बारा-तेरा सेकंदांत. सकाळी पळालेला गाडा आणि दुपारी पळालेला गाडा एकमेकांना कधी भेटतच नाहीत. त्यांची गाठ पडते ती फक्त घड्याळात. म्हणून आमच्या घाटावर बैलांइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे वर घड्याळ घेऊन बसलेला. खाली निशाण पडलं की त्याचा अंगठा दाबणार, गाडा रेषेवर आला की पुन्हा दाबणार. लाऊडस्पीकरवर आकडा पुकारला जातो आणि त्या आकड्यावर गावाची इज्जत ठरते.

शर्यत आणि सेकंद मोजणारं घड्याळ यांचं नातं जुनं आहे. १८२१ मध्ये पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यती होत्या. निकोला रिएसेक नावाच्या घड्याळजीने तिथे एक यंत्र आणलं होतं. घोडा रेषा ओलांडताना बटण दाबलं की फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडायचा. काळ लिहिणारं यंत्र, म्हणून ग्रीक शब्द जोडून 'क्रोनोग्राफ'. आज मनगटावरचा कुठलाच क्रोनोग्राफ काही लिहीत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. (पहिलेपणाचा मान आता लुई म्वाने याच्या १८१६ च्या यंत्राकडे गेला आहे. ते सेकंदाचा साठावा भाग मोजायचं. पण ते ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणासाठी होतं, शर्यतीसाठी नव्हे.) रिएसेकच्या यंत्रात एक अडचण होती: काटा शून्यावर परत कसा आणायचा? ती अडचण अडॉल्फ निकोल याने १८४४ च्या पेटंटमध्ये सोडवली. काट्याच्या दांड्यावर बदामाच्या आकाराचा एक छोटा तुकडा बसवायचा आणि त्यावर हातोडी आपटायची. बदाम कुठल्याही बाजूला असो, हातोडीचा दाब त्याला घसरवत त्याच्या खाचेपाशी आणतो आणि काटा शून्यावर येतो. पावणेदोनशे वर्षांत याहून बरं काही सुचलेलं नाही. मी दिवसभर जो कोड लिहितो त्यातली एक ओळही इतकी टिकणार नाही.

माझे आजोबा आंबेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये पीटीचे मास्तर होते. मुलांच्या धावण्याच्या शर्यतींसाठी त्यांनी साठच्या दशकात मुंबईच्या चोर बाजारातून एक जुना स्विस क्रोनोग्राफ आणला. तालुक्यात अशी घड्याळं फार नव्हती, त्यामुळे जत्रेच्या दिवसांत मास्तर आपोआप घाटावर. त्यांची एक वही घरात आहे: गाडामालकाचं नाव आणि पुढे सेकंद. वही चाळताना मला आधी एकच गोष्ट दिसली. दशांशानंतर नेहमी शून्य, दोन, चार, सहा किंवा आठ. एकही विषम आकडा नाही.

कारण मशीनमध्ये आहे. त्या काळातली बहुतेक मनगटी घड्याळं तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. क्रोनोग्राफचा काटा त्याच ठोक्यांवर चालतो, म्हणून तो फक्त सेकंदाच्या पाचव्या भागांवर थांबू शकतो. १२.२ नंतर थेट १२.४. मधलं १२.३ त्याच्या जगात नाहीच. सेकंदाला दहा ठोके देणारा झेनिथचा एल प्रिमेरो १९६९ मध्ये आला, पण तो आमच्या घाटावर कुठून पोचणार! मला यात एक न्याय दिसतो. दोन गाडे १२.२ ला आले तर बक्षीस वाटून द्यायचं. आता निकाल शंभराव्या भागात लागतात. सेन्सर असेल तर ठीक आहे. पण अंगठ्याने दाबलेल्या डिजिटल घड्याळावरचा शंभरावा भाग ही करमणूक आहे. माणसाला निशाण दिसून अंगठा हलेपर्यंतच साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो आणि तो दर वेळी थोडा कमी-जास्त जातो.

ते घड्याळ आजोबांच्या शेवटच्या वर्षांत बंद पडलं आणि माझ्याकडे आलं तेव्हा तबकडीवर कुठलंच नाव नव्हतं. मागचं झाकण उघडल्यावर आत लँडरॉन ४८ निघालं. घड्याळवेड्यांच्या मंडळींत हे नाव घेतलं की माना डोलत नाहीत. महागड्या क्रोनोग्राफमध्ये बटणांचा हुकूम पाळायला किल्ल्याच्या बुरुजासारखं दातेरी चाक असतं, 'कॉलम व्हील'. ते बनवायला कष्ट आणि पैसा लागतो. स्वित्झर्लंडच्या ल लँडरॉन गावातल्या कारखान्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याऐवजी साच्यातून कापलेली एक चपटी पट्टी वापरली. क्रोनोग्राफ स्वस्त झाला आणि लाखोंनी खपला. दुसऱ्या महायुद्धानंतर खलाशी, प्रवासी, मास्तर अशांच्या मनगटावर तो आला तो या पट्टीमुळे. त्याचा एक विचित्रपणा आहे. वरचं बटण काटा सुरू करतं, थांबवायला खालचं दाबायचं आणि तेच पुन्हा दाबलं की शून्य. इतरांच्या क्रोनोग्राफची सवय असलेला माणूस यावर हमखास चुकतो.

आता खरा प्रश्न. हे घड्याळ दुरुस्त करायचं म्हणजे काय करायचं?

जगभरच्या संग्राहकांत एक शिवी प्रचलित आहे: 'मुंबई स्पेशल'. तबकडी नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्याच घड्याळाचे, आत तीन मशीनांचे सुटे भाग जोडून एक केलेलं, आणि वर एखादं नामांकित नाव छापलेलं. मुंबईहून अशी घड्याळं परदेशी गिऱ्हाइकांना ढिगाने विकली गेली आणि शहराचं नाव त्यांना लागलं. माझ्या घड्याळाचे फोटो पाहून एका विक्रेत्याने तेच सांगितलं: तबकडी रंगवलेली आहे, हे मुंबई स्पेशल, अस्सल तबकडी मिळवा नाहीतर सुटे भाग म्हणून विकून टाका.

फसवणुकीला फसवणूक म्हणावं, त्यात वाद नाही. पण या शब्दात एक अर्धा इतिहास गाळलेला आहे. स्वातंत्र्यानंतर घड्याळांच्या आयातीवर बंधनं होती, परकी चलन मोजून वापरायचं होतं. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटीचा कारखाना सुरू झाला. 'जनता'सारखी दणकट घड्याळं घरोघरी गेली आणि २०१६ मध्ये त्या कंपनीला कुलूप लावायचा निर्णय होईपर्यंत लोकांनी ती सांभाळली. पण 'जनता' वेळ सांगायची, सेकंद पकडून ठेवायची नाही. मुंबईत फावर-लूबा, वेस्ट एंड अशी नावं एकोणिसाव्या शतकापासून होती. त्यांची आणि त्यांच्यासारखी स्विस घड्याळं लाखो मनगटांवर होती, आणि सुटे भाग मिळायचे ते नशिबाने. कोकणातला पाऊस काचेतून आत शिरला की तबकडी डागाळणार. अशा वेळी मालक म्हणायचा, "स्वच्छ दिसू दे." कारागीर ती खरवडून पुन्हा रंगवायचा. तिथे कुणाला फसवायचं नव्हतं. भिंतीला चुना काढावा तसं ते होतं.

खोडदचं उदाहरण घ्या, आमच्या जुन्नर तालुक्यातलंच. नारायणगावजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. पल्सार ताऱ्यांचे ठोके ती ज्या बारकाईने मोजते, तिच्यापुढे स्विस लोकांनी हात टेकावेत. गेल्या दशकात तिचे रिसीव्हर आणि बरीच इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलली. तिला कुणी 'खोडद स्पेशल' म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

पण म्हणून 'चालतंय ना, मग झालं' हेही मला पटत नाही, आणि ते का, हे आमच्याच घड्याळाने दाखवलं. पुण्यातल्या एका वयस्क घड्याळजींनी ते माझ्यासमोर उघडलं. भिंगातून पाहिलं तर पूर्वी कुणीतरी हातोडीचं एक तोंड कानशीने घासलेलं. या हातोडीला दोन तोंडं असतात. एक सेकंदाच्या बदामावर पडतं, दुसरं मिनिटाच्या. दोन्ही एकाच क्षणी टेकली पाहिजेत. सेकंदाचं तोंड घासल्यामुळे मिनिटाचं आधी टेकायचं आणि सेकंदाचा काटा शून्याच्या आसपास सैल राहायचा. कधी रेषेच्या अलीकडे, कधी पलीकडे. शिवाय मधल्या चाकाखाली एक नाजूक ताणाची पट्टी असते, काट्याची थरथर रोखायला. तिच्या जागी पितळेचा हाताने कापलेला तुकडा होता. काटा चालताना अडखळायचा.

इंजिनिअरच्या भाषेत यात दोन वेगळ्या चुका आहेत. काटा नेहमीच एक रेष पुढे बसत असता तर घाटावर कुणाचंच नुकसान नव्हतं. प्रत्येक गाड्याला सारखाच पंचमांश जास्त, क्रमांक तोच. पण दर वेळी वेगळ्या जागेवरून सुटणारा काटा एकाला देतो आणि दुसऱ्याचं काढून घेतो. वहीतली शेवटची काही वर्षं त्या हातोडीखाली मोजली गेली असतील का? असतील. कोणती, ते वही सांगत नाही.

म्हणून मशीनमध्ये योग्यच भाग हवेत, आणि 'योग्य'चा अर्थ तिथे नावाशी नाही, मापाशी आहे. लँडरॉनचं कुटुंब मोठं. ४८, ५१, १४८ ही भावंडं दिसायला एकसारखी, पण बटणांच्या पट्ट्या आणि त्यांना टेकणारे भाग सरसकट अदलाबदल करता येत नाहीत. आधी बॅलन्सखाली कोरलेला आकडा वाचायचा, मग शोध. आम्हाला हातोडी आणि ताणाची पट्टी एका गंजक्या पण घासाघिशीतून वाचलेल्या ४८ मधून मिळाली. तेही मेलेलं घड्याळच, पण त्याच जातीचं.

ऑइलिंगला टाकणं म्हणजे तेल ओतणं असं आपल्याला वाटतं. क्रोनोग्राफमध्ये कौशल्य आहे ते तेल कुठे लावायचं नाही यात. मधल्या चाकाचे केसासारखे दाते कोरडेच ठेवायचे. त्यांना भिडणारं चाक एका तिरक्या स्क्रूने पुढे-मागे सरकतं. जास्त आत गेलं तर बटण दाबताच घड्याळाचा श्वास कोंडतो आणि ते बंद पडतं. बाहेर राहिलं तर काटा घसरतो. घड्याळजींनी त्या एका स्क्रूवर बहुतेक अख्खी दुपार घालवली. मध्ये चहा आला, गार झाला.

तबकडीला त्यांनी हात लावला नाही, मी सांगितलंही नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "ही ठेवायची ना?" रंगवणाऱ्याने कडेची वेगमापनाची पट्टी अंदाजाने काढलेली आहे, आकड्यांमधली अंतरं चुकली आहेत. तिच्यावरून कुणी वेग काढू नये. पण आजोबा ज्या तबकडीकडे बघून आकडा पुकारत होते ती हीच. तिच्या जागी कुठल्यातरी नामांकित कंपनीची अस्सल तबकडी बसवली असती तर माझ्या मते तेच खरं मुंबई स्पेशल झालं असतं.

दरम्यान घाटावर बरंच घडून गेलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. बैलांच्या हालांचा प्रश्न कोर्टाने निकाल दिला म्हणून संपलेला नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मधल्या सात वर्षांत घाटावरची जुनी घड्याळं ड्रॉवरमध्ये गेली आणि परत आली ती डिजिटल होऊन.

दुरुस्तीनंतर मी फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ लावून काटा तपासला, वीस वेळा. दर वेळी तो शून्याच्या रेषेवरूनच सुटला. घासलेली हातोडी आणि पितळेचा तुकडा एका छोट्या पाकिटात घालून वहीच्या शेवटच्या पानाला टाचले आहेत. पाकिटावर काय काढलं, काय बसवलं आणि कधी, ते लिहिलं आहे, पुढच्या घड्याळजीला उपयोगी पडावं म्हणून.