कवळीचा डिंक पोटावर

उन्हाळ्यात सातपुड्यात हिंडताना कांडोळाचं झाड लांबूनच ओळखू येतं. पानं झडलेली, साल पांढुरकी, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. चांदण्यात ते असं उजळतं की कुणी त्याला पांढरुख म्हणतं, कुणी भुताचं झाड. खोडाला घाव घातला की डिंक पाझरतो. भिल्ल, गोंड वेचणाऱ्यांच्या हातून तो व्यापाऱ्याकडे जातो, मुंबईत निवडला जातो, प्रतवारी होते आणि परदेशी रवाना होतो. तिकडे त्याचं नाव कराया.

हे नाव मी पुन्हा ऐकलं ते काकांच्या ऑपरेशननंतर. कर्करोगामुळे मूत्राशय काढलेलं, पोटाच्या उजव्या बाजूला स्टोमा, म्हणजे लघवी बाहेर यायला केलेलं तोंड, त्यावर चकतीनं चिकटवलेली पिशवी. स्टोमा नर्स त्यांना समजावत होती, "काका, कुणी करायाची चकती दिली तर घेऊ नका हं. लघवीपुढे ती टिकत नाही." सातपुड्याचा डिंक पोटावरच्या पिशवीला पोहोचला कसा, आणि पोहोचला तर लघवीपुढेच का हरला, याचा शोध मी तिथून घ्यायला लागलो.

आधी नावाचा वाद. इंग्रजी कोश कराया हा शब्द हिंदी 'करायल'वरून, म्हणजे राळेवरून आला असं सांगतात. मला हे पटत नाही. राळ पाण्यात फुगत नाही. हा डिंक पाणी पिऊन अनेक पटींनी फुगतो. जंगलात राहणारा माणूस या दोन गोष्टींत गल्लत करणार नाही. याच झाडाला मध्य भारतात कराई, कढई, कडाया म्हणतात. वेचणाऱ्यानं झाडाचं नाव सांगितलं, व्यापाऱ्यानं तेच पोत्यावर लिहिलं, असं माझं ठाम मत आहे. इंग्रज व्यापारी त्याला 'भारतीय ट्रॅगाकँथ' म्हणत, कारण इराणच्या महाग डिंकात तो भेसळ म्हणून खपे. आपल्या बाजारातही कतीरा म्हणून हा विकला जातो. डिंकाच्या लाडवातला डिंक मात्र वेगळा, तो बाभूळवर्गातला किंवा धावड्याचा.

भेसळीचा हा माल पुढे स्वतःच्या गुणावर उभा राहिला. ओल्या जागेला चिकटणं हा त्याचा गुण. बहुतेक गोंद ओलीवर सुटतात, हा ओल मिळाली की पकडतो. कवळी बसवायच्या पुडीत तो म्हणूनच गेला. हिरडीवर लाळ सुटली की पूड फुगते आणि कवळी जागेवर राहते.

आता शस्त्रक्रियेकडे. 1852 साली लंडनमध्ये जॉन सायमन यांनी मूत्राशयात जन्मजात दोष असलेल्या मुलाची लघवी मोठ्या आतड्याकडे वळवली. पुढे जवळजवळ शंभर वर्षं याच वाटेचे प्रकार चालले. 1950 मध्ये सेंट लुईसच्या युजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याचा एक तुकडा वेगळा केला, दोन्ही मूत्रवाहिन्या त्याला जोडल्या आणि त्याचं टोक पोटावर आणलं. आज मूत्राशय काढलेल्या असंख्य लोकांच्या पोटावर हाच स्टोमा असतो.

पण ही कल्पना ब्रिकर यांच्या कितीतरी आधीची. नेदरलँड्सचे झायर यांनी ती 1911 मध्येच मांडली होती. मग मधली चाळीस वर्षं काय झालं? सहसा मिळणारं उत्तर असं की तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, रक्त चढवण्याची सोय तुटपुंजी होती, भूल धोक्याची होती. हे खोटं नाही. पण याच काळात शल्यविशारद मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडत होतेच, आणि तिथे तर जंतूंचा धोका जास्त. म्हणजे पोट उघडायचं धैर्य होतं, हातात कसब होतं. रक्तात आम्ल साठण्याचा त्रास होऊनही ती वाट सुटत नव्हती, कारण त्या रुग्णाला पिशवी लागत नसे. नव्या वाटेवर पोटातून दिवसरात्र थेंब थेंब लघवी येणार, आणि ती धरून ठेवेल असं भांडं कुणाकडे नव्हतं. माझ्या मते झायर यांची कल्पना अडली ती गोंदापाशी.

याला बळ देणारा दुवा शिकागोचा आहे. तिथले शल्यविशारद अल्फ्रेड स्ट्रॉस यांचा कोनिग नावाचा रुग्ण रसायनशास्त्राचा विद्यार्थी होता. आतड्याचा स्टोमा असलेल्या या मुलानं स्वतःसाठी रबराची पिशवी घडवली, ती लॅटेक्सनं कातडीला चिकटवली. रुट्झेन नावाच्या उत्पादकानं ती बनवून विकली. 1940 च्या दशकात अशी पिशवी मिळू लागली आणि 1950 मध्ये ब्रिकर यांची शस्त्रक्रिया आली. हा क्रम मला निव्वळ योगायोग वाटत नाही. लॅटेक्सची पिशवी टिकायची, पण कातडी सोलवटून काढायची. 1954 मध्ये डेन्मार्कच्या नर्स एलिस सोरेन्सन यांनी बहिणीसाठी चिकट कड्याची, वापरून टाकायची प्लास्टिक पिशवी सुचवली आणि पिशवीचा प्रश्न बराचसा मिटला. राहिला कातडीचा.

इथे कांडोळ येतं. क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी 1950 च्या दशकात स्टोमाभोवतीच्या सोललेल्या, पाझरणाऱ्या कातडीवर करायाची पूड वापरली. सांडलेली पूड पुसताना तिचा चिकटपणा त्यांच्या ध्यानात आला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण सांडलेल्या पुडीवर सारं श्रेय मी टाकणार नाही. ओल्या, नाजूक, गुलाबी आवरणावर हा डिंक बसतो आणि इजा करत नाही, हे कवळी वापरणारा प्रत्येक म्हातारा रोज सिद्ध करत होता. माझ्या मते टर्नबुल यांनी हिरडीवरचा अनुभव पोटावर नेला, हेच त्यांचं खरं मोठेपण. पुढे या डिंकाची कडी पिशवीलाच लागून येऊ लागली. टर्नबुल यांनी 1958 मध्ये नॉर्मा गिल या आपल्याच रुग्णाला इतर रुग्णांना शिकवायला नेमलं. स्वतः स्टोमा असलेली ही बाई जगातली पहिली स्टोमा थेरपिस्ट मानली जाते.

मग लघवीपुढे कराया का हरला? आतड्यातून येणारा मळ त्या मानानं दाट. लघवी मात्र पाणीच, आणि ती थांबत नाही. फुगलेला डिंक फुगतच जातो, पातळ होतो, वाहून जातो. माझा आणखी एक अंदाज आहे. करायाच्या रेणूवर ॲसिटिक आम्लाचे गट असतात, म्हणूनच त्याला व्हिनेगरचा वास येतो. अल्कलीत हे गट सुटतात आणि एरवी न विरघळणारा डिंक विरघळतो. जंतुसंसर्गानं लघवी अल्कली झाली की पिशवीतही हेच घडत असावं. अशाच लघवीमुळे स्टोमाभोवती पांढरे खडबडीत थर बसतात, आणि ते काढायला नर्स पाणी घातलेलं व्हिनेगर सांगतात.

लघवीच्या स्टोमाला तारणारा दुसरा गोंदही तोंडातूनच आला! अमेरिकेत स्क्विब कंपनीनं जिलेटिन, पेक्टिन आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज यांचं मिश्रण तोंडातल्या जखमांवर लावण्यासाठी केलं होतं, नाव ओराहेसिव्ह. त्यात पॉलिआयसोब्युटिलीन मिसळून केलेली चकती 1970 च्या दशकात स्टोमाहेसिव्ह म्हणून आली. ओल शोषणारे कण आणि पाण्याला न जुमानणारा रबरी पाया यांची ही जोडी. आजच्या बहुतेक चकत्या याच घराण्यातल्या.

त्या चकतीच्या भरवशावरच माणूस पुन्हा उभा राहतो, हे काकांच्या घरी मी पाहिलं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा नर्स शिकून तयार होतात. ऑपरेशनच्या आधीच रुग्णाला उभं, बसतं, वाकतं करून पोटावर खूण करायची असते. बायकांच्या परकराची नाडी कुठे येते, पुरुषांचा पट्टा कुठे, मांडी घातल्यावर घडी कुठे पडते, सगळं पाहायचं. लघवीत पांढरे धागे दिसले की घरचे घाबरतात, पण आतड्याचा तुकडा जागा बदलली तरी चिकट स्राव करत राहतो, ते धागे त्याचेच. पिशवी एक तृतीयांश भरली की खालच्या तोटीनं रिकामी करायची, रात्री नळी मोठ्या पिशवीला जोडायची. चकती पहाटे, चहापाण्याच्या आधी बदलायची, कारण तेव्हा स्राव कमी असतो. कातडी पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करायची, तेल किंवा मलम लावायचं नाही. स्टोमाला वेदनेच्या नसा नाहीत, त्यामुळे घासला तरी कळत नाही. म्हणून रोज नजरेनं बघायचं.

पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो. काकांनी सुरुवातीचंच माप धरून चकत्या कापल्या, उघड्या राहिलेल्या कातडीवर लघवी लागून ती लाल झाली. नर्सनं नवं माप घेतलं, भोक स्टोमापेक्षा जेमतेम मोठं ठेवलं, आणि काही दिवसांत काका शेजारच्या गावी लग्नाला जाऊन जेवून आले.