थिंक टँकची क्रमवारी आणि वर्ध्याची मगनवाडी

१/ सार्वजनिक धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांना थिंक टँक म्हणतात. त्यांची सर्वांत गाजलेली जागतिक क्रमवारी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे जेम्स मॅकगन यांनी २००८ पासून लावली. २०२१ मध्ये ते निवर्तले. त्यांची कसोटी आज वर्ध्याच्या एका जुन्या संस्थेला लावून पाहू.

२/ पद्धत अशी : विद्वान, पत्रकार, धोरणकर्ते यांच्याकडून नावे मागवायची आणि तज्ज्ञांच्या मतांवरून क्रम ठरवायचा. अखेरच्या काळात जगभरातील ११,००० हून अधिक संस्था विचारात घेतल्या जात. १९१६ साली स्थापन झालेली वॉशिंग्टनची ब्रुकिंग्स अनेक वर्षे अग्रस्थानी होती. टीकाकारांचा आक्षेप असा, की यातून संस्थेचे कार्य नव्हे, कीर्ती मोजली जाते.

३/ आता वर्धा, डिसेंबर १९३४. गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी बाग आणि घर दिले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा : लंडनमध्ये हिशेबशास्त्र आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकलेले.

४/ येथील संशोधन हातांनी चाले. तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाशापालन यांवर प्रयोग होत. सुधारित घाणी तर ‘वर्धा घाणी’ म्हणूनच ओळखली गेली. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने प्रांताच्या औद्योगिक पाहणीसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपदही कुमारप्पांकडे आले.

५/ पराभवही झाला. १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीत कुमारप्पा ग्रामोद्योगांची बाजू मांडण्यासाठी गेले. नेहरूंच्या अध्यक्षतेखालील त्या समितीचा कल मोठ्या उद्योगांकडे होता. काही महिन्यांतच ते बाहेर पडले.

६/ तरी विचार संपला नाही. १९५५ मध्ये द. गो. कर्वे समितीने रोजगारासाठी ग्राम व लघुउद्योगांना संरक्षण देण्याची शिफारस केली. १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आला. याचे सारे श्रेय मगनवाडीला देणे अतिशयोक्त ठरेल. पण तिला वगळून हा इतिहास लिहिताही येत नाही.

७/ क्रमवारीची खरी अडचण येथेच आहे. कल्पना एका संस्थेत जन्मते, दुसऱ्या समितीत हरते आणि तिसऱ्या कायद्यात उतरते. तज्ज्ञांच्या वार्षिक कौलात हा वीस वर्षांचा प्रवास मावत नाही. शिवाय ज्यांच्यासाठी धोरण आखले, त्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावांना त्या कौलात मतच नसते.

८/ म्हणून कोणतीही यादी वाचताना तीन प्रश्न विचारावेत : मत कोणी दिले? मोजले काय? किती काळानंतर मोजले? मगनवाडीतील मगन संग्रहालय १९३८ पासून वर्ध्यात उभे आहे. जिल्ह्यातील मित्रांनी ते अवश्य पाहावे.