थोरल्या दवाखान्यातील लहान मुले

कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर, टाऊन हॉलच्या समोर, जी जुनी दगडी वास्तू उभी आहे तिला सरकारदरबारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतात. बोलताना सारे तिला 'सीपीआर' म्हणतात, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'थोरला दवाखाना' हेच नाव आहे. टाऊन हॉल व नवा राजवाडा यांचे आराखडे करणाऱ्या मेजर मँट यांनीच या इमारतीचाही आराखडा केला. इंग्लंडच्या युवराजावरून तिचे पहिले नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल असे ठेवण्यात आले होते.

१८८६ साली कोल्हापूर संस्थानाने या इस्पितळाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी डॉ. आनंदीबाई जोशी यांना देऊ केली. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि वेळेवर उपचार न मिळाल्याने तो दहा दिवसांत गेला. वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय या दुःखातून दृढ झाला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांच्या अमेरिकेच्या वाटेतही कोल्हापूर आहेच. १८५२ साली कोल्हापुरात मिशनचे कार्य सुरू करणारे रॉयल वाइल्डर यांना गोपाळरावांनी पत्र लिहिले, ते वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापून आले आणि ते वाचून न्यू जर्सीच्या श्रीमती कारपेंटर यांनी मदतीचा हात पुढे केला. आनंदीबाई डॉक्टर होऊन परतल्या त्या क्षयाने जर्जर होऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जिचे बाळ उपचारांवाचून गेले, अशी एक आई या दवाखान्यात डॉक्टर म्हणून वावरणार होती. ते घडले असते तर तेथील लेकरांकडे तिने कोणत्या नजरेने पाहिले असते, हा विचार त्या फाटकातून आत जाताना आमच्या मनात हटकून येतो.

त्या काळी युरोपात मुलांसाठी स्वतंत्र इस्पितळे निघू लागली होती. पॅरिसला १८०२ मध्ये, लंडनला १८५२ मध्ये, रोममध्ये १८६९ साली 'बाळ येशू'च्या नावाने, आणि आपल्या मुंबईत परळला वाडियांचे इस्पितळ १९२९ मध्ये. या संस्थांनी असंख्य जीव वाचविले, याबद्दल शंका नाही. परंतु संसर्गाच्या भीतीने पाश्चात्त्य इस्पितळांत एक कडक नियम रूढ झाला : मूल आत, आईबाप बाहेर. आठवड्यातून एखादा तास भेट. आई आली की मूल रडते, ती गेली की गप्प होते, तेव्हा तिने न येणेच बरे, असे डॉक्टर मंडळी प्रामाणिकपणे मानीत.

या गप्प होण्याचा अर्थ जेम्स रॉबर्टसन यांनी लावला. ते डॉक्टर नव्हते, समाजसेवक होते. १९५२ साली त्यांनी लॉरा नावाच्या अडीच वर्षांच्या मुलीचे इस्पितळातील आठ दिवस चित्रित केले. शस्त्रक्रिया किरकोळ होती आणि परिचारिकांनी काही दुष्टपणा केला असेही नाही. तरी ते मूल दिवसागणिक कसे मिटत जाते हे त्या चित्रपटात उघड दिसते. रॉबर्टसन यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. मूल आधी आकांत करते, मग निराश होते आणि शेवटी आईकडे पाठ फिरविते. या तिसऱ्या पायरीलाच लोक 'रुळले' म्हणत होते! लंडनच्या वैद्यक मंडळासमोर चित्रपट दाखविला तेव्हा डॉक्टर खवळले. मात्र १९५९ साली सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईबापांना मुक्त प्रवेश द्यावा, लहानग्यांच्या आईला सोबत राहू द्यावे आणि खेळाची सोय असावी, अशा शिफारशी केल्या. वस्तुतः न्यूकॅसल येथे डॉ. जेम्स स्पेन्स यांनी १९२५ पासूनच तान्ह्यांबरोबर आयांना ठेवून घेतले होते, पण त्यांचे ऐकण्यास तीस-पस्तीस वर्षे लागली.

हे वाचून आपल्याकडच्या आजीबाई हसतील. आपल्या सरकारी व मिशनच्या दवाखान्यांत मुलाबरोबर आई असतेच. तिच्याबरोबर मावशी, आणि बाहेर डबा घेऊन मामा. १८९१ साली कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली आणि १८९४ साली मिरजेस डॉ. वानलेस यांचे इस्पितळ निघाले. आमच्या भागातील आजारी माणसांना तेव्हापासून ती वाट माहीत आहे, आणि त्या वाटेने एकटे मूल कोण पाठविणार? जे पश्चिमेने संशोधनाने परत मिळविले ते आपण कधी गमावलेच नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण खरे सांगायचे तर आईला आपण सन्मानाने ठेवले नाही, मनुष्यबळ अपुरे म्हणून ठेवले. तिला चटई मिळाली, माहिती मिळाली नाही. डॉक्टरांची फेरी आली की 'नातेवाईक बाहेर' ही हाळी आजही ऐकू येते.

शिवाय आई जवळ असणे एवढ्यानेच भागत नाही. वेदनेचेच पाहा. नवजात बालकाला दुखत नाही, या समजुतीने त्यांच्यावर अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया केल्या जात. १९८७ साली कंवलजीत सिंग आनंद या मूळच्या भारतीय डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, पुरेसे वेदनाशामक दिलेल्या अर्भकांच्या शरीरावरील ताण आणि नंतरचे उपद्रव दोन्ही कमी होतात. सुईचेही तसेच. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले, आणि गोष्ट, गाणे, चित्र अशा साधनांनी लक्ष वळविल्यास मुलाची वेदना खरोखर कमी होते असे आढळले.

आणि आपण घरी काय करतो? 'गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील' असे धमकावतो. दवाखान्यात 'काही दुखणार नाही' असे खोटे सांगतो. 'बाबा चहा आणायला गेलेत' म्हणतो, आणि बाबा गावी पोहोचलेले असतात. आम्ही स्वतः रुग्णभेटीस पांढरा झगा घालून जात असू. एकदा एका चिमुरड्याने आम्हाला पाहताच दोन्ही हात पाठीमागे लपविले. पांढरे म्हणजे सुई! तेव्हापासून बालविभागात आम्ही साध्या सदऱ्यातच जातो.

अलीकडच्या संशोधनाने तर अतिदक्षता विभागाचे दारही उघडले आहे. भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच इस्पितळांत अतिशय कमी वजनाच्या ३,२११ बालकांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग. जन्मल्याबरोबर ज्यांना आईच्या उराशी ठेवले, त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच घातली, त्यांपैकी पहिल्या अठ्ठावीस दिवसांत १२ टक्के दगावली. प्रकृती स्थिरावेपर्यंत ज्यांना दूर ठेवले त्यांपैकी १५.७ टक्के. आई ही संसर्गाची वाट नसून उपचाराचा भाग आहे, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? नवजात बालकांच्या शुश्रूषेत कुटुंबाला सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे आपल्या केंद्र सरकारने २०१७ सालीच काढली आहेत. दीर्घ आजारांत निवाऱ्याचा प्रश्न येतो. कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईस गेलेल्या कुटुंबांना पदपथावर दिवस काढावे लागत. २००६ पासून 'सेंट ज्यूड' या संस्थेने अशा मुलांसाठी व त्यांच्या आईवडिलांसाठी घरे उघडली. तेथे मुले खेळतात, शिकतात आणि आई स्वतःच्या शेगडीवर स्वयंपाक करते.

विपरीत गोष्ट ही की, याच काळात आपल्या शहरांतील नव्या चकचकीत इस्पितळांनी पश्चिमेचा टाकून दिलेला नियम उचलला आहे. काचेचे दार, बाहेर चपला, आणि 'भेटीची वेळ ५ ते ६' अशी पाटी. गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे चार वर्षांचे मूल अशाच एका ठिकाणी दाखल होते. त्याची आई दाराशी बाकावर तीन दिवस बसून होती. आम्ही गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. धर्मगुरू म्हणून आम्हाला लगेच आत सोडले. "फादर, त्याला सांगा मी इथेच आहे," एवढेच ती म्हणाली. आम्ही सांगितले. मूल आमच्याकडे पाहतच नव्हते. ते आमच्या खांद्यावरून दाराकडे पाहत होते.