विस्तवावर भाजलं की ग्लूटेन जातं का? एका जुन्या समजुतीचा इतिहास

"डॉक्टरसाहेब, विस्तवावर सगळं जळूनच जातं ना? मग जाळीला आधी पाव लागला होता की नव्हता, काय फरक पडतो?"

हा प्रश्न मला एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मामाने विचारला. वर्षभरापूर्वी तिला सिलिअ‍ॅक आजाराचं निदान झालं होतं. उंची खुंटलेली, हिमोग्लोबिन कमी, पोट फुगलेलं. रक्तातली टीटीजी अँटिबॉडी खूप वाढलेली होती आणि दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यातही दोष दिसला. घरातून गहू, मैदा, रवा हद्दपार झाला. आईने तवा आणि पोळपाट वेगळे केले. तरीही वर्षाने टीटीजी पुरेशी उतरली नव्हती. "चोरून बिस्किटं खातेस ना?" असं म्हणून मी त्या पोरीला रागावलो. ती रडली.

चूक तिची नव्हती. ती माझी होती, कारण मी एक प्रश्न विचारायचा विसरलो होतो. हे कुटुंब बोईसरला राहतं आणि मामाचं घर मासवणला आहे. हिवाळ्यात दर शनिवारी सगळी भावंडं तिकडे जमत. सूर्या नदीच्या काठी चूल मांडायची, निखारे पाडायचे, जाळीवर आधी मस्का लावून पाव शेकायचे आणि मग त्याच जाळीवर कोंबडी भाजायची. मुलीला पाव कुणी देत नसे. कोंबडी मात्र प्रेमाने वाढत.

मामाच्या प्रश्नाला हसू नका. हीच समजूत एकेकाळी लंडनच्या एका नामवंत डॉक्टरचीही होती.

शेकलेला पाव चालेल, भात नको!

डॉ. सॅम्युएल गी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात काम करत. या आजाराचं पहिलं नेमकं आधुनिक वर्णन त्यांनी १८८८ साली छापलं. मूल सुकत जातं, पोट मोठं होतं, शौच फिकट, पातळ आणि दुर्गंधीयुक्त होतं, हे सगळं त्यांनी टिपलं. हा आजार बरा झालाच तर आहारानेच होईल, हेही त्यांनी ओळखलं. इथवर ते अगदी बरोबर होते.

पुढे काय झालं पाहा. पिष्टमय पदार्थ वाईट असं ठरवून त्यांनी भात आणि साबुदाणा बंद केला. पातळ कापून दोन्ही बाजूंनी नीट शेकलेला पाव मात्र चालेल, असं सांगितलं. म्हणजे निर्दोष भात बंद आणि दोषी गहू, केवळ शेकला म्हणून, चालू!

गी यांनी एका मुलाची हकीकतही लिहून ठेवली आहे. त्याला रोज भरपूर डच शिंपल्या खायला दिल्या आणि तो छान सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला तसा आजार परतला. पुढच्या हंगामात पोरगा शिंपल्यांना तोंड लावेना. शिंपल्यांत काही औषध नव्हतं. पोट शिंपल्यांनी भरल्यावर पावाला जागा उरत नसावी, असं आज आपण म्हणू शकतो.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सांगितला. त्यात पाव, बिस्किटं बंद होती, त्यामुळे मुलं सुधारली. श्रेय मात्र केळ्यांना मिळालं. बरं झाल्यावर गहू पुन्हा चालेल असा समज राहिला आणि आजार परतत राहिला.

गुन्हेगार सापडला

खरा उलगडा नेदरलँड्समध्ये झाला. हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयातले डॉ. विलेम डिके यांना १९३०च्या दशकातच गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. त्या काळात ही आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण एवढ्यावर डिके थांबले नाहीत. मुलांना कधी गहू देऊन, कधी बंद करून, शौचातून किती चरबी वाया जाते ते मोजण्याचं काम त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलं. १९५० साली त्यांचा प्रबंध आला आणि गहू दोषी ठरला.

१९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी गव्हाचे भाग वेगळे करून तपासले. गव्हातल्या पिष्टाने त्रास झाला नाही, ग्लूटेन या प्रथिनाने झाला. पुढे १९५६ च्या सुमारास शस्त्रक्रियेशिवाय, तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा तुकडा घेता येऊ लागला आणि सपाट झालेलं अस्तर डोळ्यांना दिसलं. १९९७ मध्ये टीटीजी हे शरीरातलंच एन्झाइम या आजाराच्या अँटिबॉडीचं लक्ष्य असल्याचं जर्मनीत सिद्ध झालं. आज आपण करतो ती रक्तचाचणी त्यातूनच आली.

मग विस्तवाने काय होतं?

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. उष्णतेने माळेचा गुंता बदलतो, पण मण्यांचा क्रम तसाच राहतो. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती नेमका तो क्रम ओळखते. म्हणून उकडलेला, तळलेला, शेकलेला गहू हा गहूच. पूर्ण राख झाली तर प्रथिन उरणार नाही, हे खरं. पण जाळीच्या सांध्यात अडकलेला, वरून काळा आणि आतून तसाच राहिलेला चुरा म्हणजे राख नव्हे.

"एवढ्याशा चुऱ्याने काय होणार?" याचंही उत्तर आहे. २००७ साली इटलीतल्या एका अभ्यासात काही रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तराला इजा दिसली. एका मध्यम पोळीत साधारण दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे तो पोळीचा जेमतेम चाळिसावा-पन्नासावा भाग झाला. म्हणूनच ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

आपल्या भागात हा आजार कुठून आला?

पालघरचं जुनं अन्न म्हणजे भात, तांदळाची भाकरी, नाचणी, वरई आणि मासळी. यात मुळात ग्लूटेन नाही. पुढे रेशनचा गहू, पाव आणि बिस्किटं घरोघरी पोचली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे उत्तरेकडची गहू खाणारी कुटुंबंही इथे स्थायिक झाली.

२०१६ साली छापलेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात उत्तरेत सुमारे १.२ टक्के प्रौढांत हा आजार आढळला, तर दक्षिणेत फक्त ०.१ टक्के. त्यासाठी लागणारी जनुकं दोन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक होता तो रोजच्या गव्हाचा. तेव्हा "हा पंजाबकडचा आजार, आमच्यात नसतो" असं म्हणू नका. आणि माझ्यासारख्या डॉक्टरांनीही म्हणू नये.

निखाऱ्यावर भाजताना हे पाळा

शेकोटी बंद करायची गरज नाही. कोंबडी, मासळी, रताळी, कोनफळ, वालाच्या शेंगा, मक्याचं कणीस हे सगळं चालतं. काळजी घ्यायची ती अशी:

- रुग्णासाठी जाळी आणि सळया वेगळ्या, नव्या ठेवा. ओळखीसाठी लाल तार बांधा. जुनी जाळी घासून पूर्ण निर्धोक झाली असं मानू नका.
- वेगळी जाळी नसेल तर जाड फॉइलची दुहेरी घडी करा, किंवा मासळी केळीच्या पानात गुंडाळून भाजा.
- रुग्णाचं आधी भाजा, पाव सगळ्यात शेवटी.
- चिमटा, तेल लावायचा ब्रश, मस्क्याची वाटी वेगळी ठेवा. पावाला लावलेली सुरी मस्क्यात गेली की मस्का बाद.
- मसाला तपासा. बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. सोया सॉसमध्ये गहू आणि बिअरमध्ये जव असतो. तयार तंदुरी मसाल्याचं वेष्टन वाचा.
- कोळशाच्या तयार विटा पिठाच्या खळीने बांधलेल्या असू शकतात. साधा लाकडी कोळसा बरा.
- तांदळाचं पीठ गव्हानंतर त्याच गिरणीत दळू नका. घरीच दळा किंवा खात्रीचं घ्या.

एक इशारा. नुसत्या संशयावरून गहू बंद करू नका. आधी बंद केला तर तपासण्या खोट्याच नॉर्मल येऊ शकतात. आधी तपासणी, मग पथ्य.

त्या मुलीचं पुढे काय झालं? मामाने स्वतः नवी जाळी आणली. चौकशी केली तेव्हा गिरणीचा घोटाळाही सापडला, तो आईने दुरुस्त केला. टीटीजी हळूहळू उतरत गेली आणि पुढच्या वर्षी नॉर्मल आली. उंचीही वाढू लागली. मी तिची माफी मागितली. तिने ती दिली, पण एका अटीवर: पुढच्या हिवाळ्यात मी मासवणला जेवायला यायचं आणि तिच्याच जाळीवरची कोंबडी खायची.

गेलो होतो. पाव सगळ्यात शेवटी शेकले.