चंद्राच्या आडोशाला

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एकेकाळी बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लागत असे. समुद्रापलीकडची ती गाणी हैदराबादेत पोचत ती आयनांबरामुळे. वातावरणाच्या वरच्या भागातला हा विद्युतभारित थर शॉर्टवेव्ह लहरी खाली परतवतो. पण हाच थर आकाशातून येणाऱ्या लांब लहरी बाहेरच अडवतो. सुमारे १० मेगाहर्ट्झच्या खालचे विश्व जमिनीवरून जवळजवळ ऐकूच येत नाही.

म्हणून अमेरिकेने १९६८ साली ‘रेडिओ ॲस्ट्रॉनॉमी एक्सप्लोरर’ हा उपग्रह पृथ्वीभोवती सोडला. तिथेही पृथ्वीचा गोंगाट होताच! १९७३ साली दुसरा उपग्रह थेट चंद्राभोवती पाठवला. तो चंद्रामागे गेला की पृथ्वी झाकली जाई आणि गोंगाट एकदम ओसरे.

चंद्राची मदत आपल्याकडेही घेतली गेली होती, जमिनीवरूनच. गोविंद स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या ३२ लहान तबकड्या त्यांनी कल्याणला मांडल्या आणि सूर्याचा अभ्यास सुरू केला. पुढे १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. चंद्र एखाद्या रेडिओस्रोताला झाकतो तो क्षण टिपून स्रोताची जागा आणि आकार काढायचा, अशी ती युक्ती. नारायणगावजवळच्या खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्यानंतरच्या.

आता बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेला पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या हायड्रोजनचा क्षीण संदेश हवा आहे. तो ४० ते २०० मेगाहर्ट्झमध्ये शोधायचा, आणि आपली एफएम केंद्रे नेमकी त्यातच! जमिनीच्या थरांनीही मोजणी बिघडते, म्हणून त्यांनी ‘सारस’ हे उपकरण कर्नाटकातल्या जलाशयांत तराफ्यावर तरंगत ठेवले. असा संदेश सापडल्याचा अमेरिकन शास्त्रज्ञांचा २०१८ चा दावा त्या मोजणीने २०२२ मध्ये खोडून काढला. पुढचा प्रस्ताव ‘प्रत्युष’चा: चंद्राभोवती फिरायचे आणि त्याच्या आडोशाला ऐकायचे.

यावरून खोडदचे दिवस भरले असे कोणी समजू नये. ‘प्रत्युष’चा एकटा अँटेना आकाशाची सरासरी मोजेल, एखादी दीर्घिका बारकाईने पाहायला पंचवीस किलोमीटरवर पसरलेल्या तबकड्याच लागतील. त्यांच्या भोवतालची शांतता मात्र चंद्राला राखता येणार नाही. ती नारायणगावच्या परिसरातच राखावी लागेल.