फटफटीचं वय

आजची गोष्ट बीरगांवची. रायपूरला लागून, उरला औद्योगिक क्षेत्राच्या शेजारचं हे गाव. इथे लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत, त्यामुळे भंगाराला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. तिथल्या एका मराठी घरात वडिलांची फटफटी उभी होती. आरसी बुकात लिहिलेलं, बीएसए, १९५१. थोरले भाऊ म्हणत होते, "ही जोडगाडी आहे. इंजिनाचा नंबर वेगळा, चेसिसचा वेगळा. देऊन टाकू किलोवर." मिस्त्री त्याच्याही पुढे गेला होता. चेसिसचा नंबर घासून तिथे इंजिनाचाच ठोकून देतो म्हणाला! धाकट्यांनी मला बोलावलं ते या भांडणात.

मी आधी रॉकेल आणि मऊ ब्रश मागितला. पॉलिश पेपर अजिबात नाही, ठशाच्या कडा झिजतात. हँडलखालच्या मानेपाशी आणि सिलिंडरच्या खाली, दोन्हीकडे अक्षरं निघाली: डब्ल्यूएम२०. पुढचे आकडे मात्र वेगवेगळे.

आता हे नीट ऐका. त्या काळी बीएसएच्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यात इंजिन आणि चेसिसचे क्रमांक स्वतंत्र मालिकांतले असायचे. ते जुळत नाहीत म्हणजे गाडी खोटी, असं होत नाही. उलट ते तंतोतंत जुळले तर मला शंका आली असती. ट्रायम्फचं वेगळं, तिथे १९५० नंतरच्या गाड्यांवर दोन्ही क्रमांक एकच असतात. एका कंपनीचा नियम दुसरीला लावला की असे घोटाळे होतात.

आणि एम२० म्हणजे काय? १९३७ साली आलेलं, ४९६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह मॉडेल. १९३९च्या गाड्यांना 'के' अक्षर होतं, युद्धकाळात 'डब्ल्यू', आणि युद्धानंतर 'एक्स', 'वाय', 'झेड'. म्हणजे ही गाडी १९५१ची असूच शकत नाही. युद्धात सैन्यासाठी अशा सुमारे १ लाख २६ हजार गाड्या बनल्या. पुढचा गर्डर फोर्कही त्याच काळाशी जुळत होता. नॉर्टन १६एच दुरून अशीच दिसते, पण तिचं प्रायमरी चेनचं झाकण मधल्या एकाच मोठ्या नटावर बसतं. इथे कडेने स्क्रूंची रांग होती.

डायनामोवर महिना आणि साल ठोकलेलं असतं. इथे १९४२ निघालं. पण सैन्याच्या वर्कशॉपमध्ये डायनामो सर्रास बदलले जायचे, म्हणून तो फक्त जोडसाक्षीदार. टाकीवर हिरव्या रंगाखाली 'सी' आणि काही आकडे अर्धवट दिसले. ब्रिटिश सैन्याच्या मोटरसायकलींचे क्रमांक 'सी'नेच सुरू व्हायचे.

मग १९५१ कुठून आलं? युद्धानंतर सैन्याच्या जादा गाड्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. गाडी नागरी हातात आली, नोंदणी झाली, ते साल बुकात उतरलं. तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर, हेही आपल्यातले बरेच जण विसरलेत.

बुक खोटं नव्हतं आणि गाडीही खोटी नव्हती. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, क्रमांकात 'व्हीए' अक्षरं मिळतात. मिस्त्रीने ठसा मारला असता तर कागदही गेले असते आणि वर फौजदारी गुन्हा.

नेमकं साल हवं असेल तर ब्रिटनच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे कारखान्यांच्या जुन्या नोंदी आहेत. दोन्ही ठशांचे फोटो काढून मी धाकट्यांना पत्र लिहायला बसवलं. थोरले भाऊ आतून येऊन म्हणाले, "विकली तर किती येतील?" मी म्हटलं, "दादा, आधी त्या मिस्त्रीला ठसे-हातोडा घेऊन घरी पाठवा."